होतकरू खेळाडू आणि खालचा संघ



आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभांत. अशा माणसाने खेळावर काय बोलावे, असे आपल्याला वाटेल. पण होतकरू मुलाला मोठ्या संघातून खालच्या संघात खेळायला पाठवल्याने त्याचे भले होते की नुकसान, हा प्रश्न आम्हाला बदली कामगाराच्या प्रश्नासारखाच दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत बदलीवाला रोज पाळीच्या वेळी दरवाजाशी उभा राही. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर हात हलवीत परत. मोठ्या संघातला राखीव खेळाडू असाच. फक्त त्याच्या अंगावर कोरा गणवेश असतो, म्हणून लोक त्याला भाग्यवान म्हणतात!

सचिन तेंडुलकर १९८७ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, मुंबईच्या रणजी संघात निवडला गेला. त्या हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही; राखीव म्हणून क्षेत्ररक्षणाला उतरला तेवढेच. तो तसाच बसून राहता तर? पण फेब्रुवारी १९८८ मध्ये तो शाळेकडून हॅरिस शील्ड खेळत होता, आणि विनोद कांबळीबरोबर त्याने ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. त्याचे गुरू रमाकांत आचरेकर हे मूळचे आपल्या मालवणचे. पोराला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, दिवसात मिळतील तेवढे डाव खेळवायचे, ही त्यांची रीत. डिसेंबर १९८८ मध्ये सचिनने रणजीच्या पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद शतक काढले. शाळेच्या सामन्यांनी त्याची पायरी उतरली नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलवाल्यांनी यासाठी २००१ पासून वेगळी दुय्यम लीगच चालवली आहे. पास्कल सियाकम २०१७ मध्ये तिच्या अंतिम फेरीत सर्वोत्तम ठरला, आणि २०१९ मध्ये टोरांटोच्या मोठ्या संघाबरोबर विजेता झाला. पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने २०१५ मध्ये निवडले. तोही त्याच लीगमध्ये खेळला. वरच्या संघाकडून मात्र एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणजे वाट तीच, मुक्काम निराळे.

आता आपल्या मुलांचे. इथला मुलगा मुंबईला जातो, नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकतो. पूर्वी बँका, रेल्वे, गिरण्या खेळाडूला नोकरी देत. आचरेकर स्वतः स्टेट बँकेत होते. कचेऱ्यांच्या टाइम्स शील्डमध्ये खालच्या गटात खेळले तरी पगार चालू राही. आज तशा जागा फार थोड्या. पगार नसलेल्या मुलाला ‘सहा महिने खाली खेळ’ म्हणणे सोपे आहे. ते सहा महिने त्याने खायचे काय?

म्हणून आम्ही खाली पाठवण्याच्या बाजूचे आहोत, पण लेखी कराराने. सामने किती, भत्ता किती, परत कधी पाहणार आणि कोण पाहणार, हे कागदावर हवे. तोंडी शब्दावर आम्ही कारखान्यातही कधी उठलो नाही. कोणा पालकाला असा कागद लिहून हवा असेल, तर सभेनंतर आम्ही इथेच आहोत.