पहारेकऱ्याला आधी विचारा



 समुपदेशकांच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आढावा छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि ती मी फार वर्षं मनात धरून आहे.

‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ म्हणजे आयएफएस ही पद्धत आता आपल्याकडेही रुजते आहे. माणसाच्या मनात अनेक भाग असतात. जुनी जखम घेऊन आत कोंडलेले ते एक्झाइल. ती जखम वर येऊ नये म्हणून रोजचा कारभार करडेपणाने चालवणारे मॅनेजर. आणि ती वर आलीच तर दारू, ब्लेड, अधाशी खाणं, जे हाती लागेल त्याने आग विझवणारे फायरफायटर. या सगळ्यांखाली शाबूत असलेला, शांत, कुतूहलाने बघू शकणारा सेल्फ. एवढं पाठ झालं की लोक कार्यशाळा घ्यायला मोकळे होतात. भरल्या सभागृहात एखाद्या बाईला मंचावर बसवायचं, ‘तुमच्यातल्या लहान मुलीकडे जाऊ या’ म्हणायचं, ती हमसून रडली की टाळ्या. माझं भांडण या टाळ्यांशी आहे. त्या मुलीच्या दाराशी जो भाग इतकी वर्षं पहारा देत उभा होता, त्याला कुणी विचारलं? त्या रात्री तो तिचे काय हाल करतो, हे बघायला मंचावरचे तज्ज्ञ तिच्या घरी नसतात.

ही पद्धत जन्मली तीच उपचारकाच्या पराभवातून. १९८० च्या दशकात शिकागोत कुटुंबोपचार करणारे रिचर्ड श्वार्ट्झ यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. त्यांची एक रुग्ण स्वतःला कापून घ्यायची. कापणाऱ्या भागाच्या मागे लागून त्यांनी त्याच्याकडून कबुली घेतली, की या आठवड्यात हे करणार नाही. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. त्यांनी हात टेकले. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, असं त्या भागाला सांगितलं. तेव्हा कुठे तो बोलू लागला. लहानपणी अत्याचार होत असताना तिला शरीराच्या जाणिवेतून बाहेर काढण्याचं काम त्यानेच केलं होतं. श्वार्ट्झ यांचं १९९५ चं पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. मग त्यातला हा धडाच आपण का गाळतो?

माझ्याकडे एक बाई येत असत. ओळख झाकून, त्यांच्या परवानगीने सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बसलं आणि धाकटा भाऊ गेला. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या. पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण पहाटेपर्यंत जागणं सुटलं नाही. झोपेच्या गोळ्या त्या आणत आणि घेत नसत. आधीच्या दोन ठिकाणी ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा मिळाला होता. मी त्यांना भूकंपाबद्दल काही विचारलं नाही. जागं ठेवणाऱ्या भागाला विचारलं, तू झोपू दिलंस तर काय होईल? उत्तर आलं, ‘भिंत पडेल.’ मी विचारलं, आणि ही बाई किती वर्षांची आहे असं तुला वाटतं? ‘नऊ.’

त्याला कुणी कळवलंच नव्हतं, की ती मोठी झाली, दुसऱ्या घरात राहायला गेली. ते सांगण्यात कित्येक महिने गेले. भावाजवळ जायला त्याने वाट दिली ती त्यानंतर, आणि तेव्हाचं रडणं मी मंचावर कधी पाहिलेलं नाही.

आता आपल्यातले वाद. या पद्धतीचा पुरावा तुटपुंजा आहे, असं काही सहकारी म्हणतात. खरं आहे. २०१३ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवरची एक यादृच्छिक चाचणी छापून आली. बालपणीच्या आघातांवरचा एक अभ्यास अवघ्या १७ जणांचा आहे. अभ्यास व्हायलाच हवेत. पण सिद्ध झालेल्या पद्धतीतसुद्धा पहारेकऱ्याला ढकलून आत घुसलात, तर माणूस उपचार सोडून जातो. अर्ध्यावर सोडून आलेल्यांनी माझी खोली भरलेली असते. दुसरा आक्षेप असा, की भागांशी बोलायला लावून आपण माणसाचे तुकडे करतो. त्या किल्लारीच्या बाई पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या, ‘एक मन झोप म्हणतं, दुसरं झोपूच देत नाही.’ मी काहीही शिकवण्याआधी. मात्र ज्यांना बाहेरून आवाज ऐकू येतात, संशयाने घेरलं आहे, त्यांच्यावर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हे काम कुणी करू नये. यावर मी वाद घालणार नाही.

मराठीत एक हस्तपुस्तिका हवी. जिल्ह्याच्या गावांत एकट्याने काम करणाऱ्यांसाठी दर महिन्याला देखरेखीचा गट हवा. कोण करेल, खर्च कुठून येईल, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. मी सोबत आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या अधिकारात होती, ती मी केली आहे. उद्या दुपारचं ‘प्रत्यक्ष रुग्णासह प्रात्यक्षिक’ रद्द केलं आहे. त्या सत्रात तीन-तीनच्या गटांत एकच सराव होईल: पहारेकऱ्याशी बोलणं, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर तिथेच थांबणं. वह्या घेऊन या.