जिमी कार्टर : एका बाप्टिस्टाचं भांडण



जिमी कार्टर म्हटलं की आपल्याला भुईमूग आठवतो, इराणमधले ओलीस आठवतात. त्यांच्या आईंची आठवण मात्र मुंबईने ठेवायला हवी. लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून आल्या आणि विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत रुग्णसेवा करत राहिल्या. मुलगा कुणाचा हे कळावं म्हणून सांगितलं.

कार्टर यांचं प्लेन्स हे जॉर्जियातलं लहानसं गाव. १९६५ साली तिथल्या बाप्टिस्ट मंडळीपुढे ठराव आला, की कृष्णवर्णीयांना उपासनेला आत घ्यायचं नाही. कार्टर उभे राहून विरोधात बोलले. ठरावाच्या बाजूने ५४ मतं पडली, विरोधात ६. त्या सहांपैकी पाच कार्टर यांच्या घरची. बाकीचे पुष्कळजण नुसते बसून राहिले. ही माणसं त्यांची गिऱ्हाइकं होती, सोयरीधायरी होती, हे लक्षात घ्या.

१९७६ला हा माणूस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. आपण 'नव्याने जन्मलेले' ख्रिस्ती आहोत, असं तो उघड सांगायचा. इव्हँजेलिकल लोकांना वाटलं, आपला माणूस आला! पण निक्सन व्हाइट हाउसमध्ये उपासना भरवत, तसं कार्टर यांनी केलं नाही. स्वतः मात्र वॉशिंग्टनच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन रविवारचा पाठ घेत राहिले. चर्चने सरकारात आणि सरकारने चर्चमध्ये नाक खुपसायचं नाही, ही बाप्टिस्टांची जुनी शिकवण. सतराव्या शतकात रॉजर विल्यम्स यांना त्याच पायी मॅसॅच्युसेट्समधून हाकललं गेलं. त्या हिशेबाने कार्टर बंडखोर नव्हतेच, सनातनी बाप्टिस्ट होते.

मग इव्हँजेलिकल लोकांशी बिनसलं कुठे? गर्भपाताला मुभा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालाने धर्मनिष्ठ माणसं चिडली आणि राजकारणात उतरली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कार्टर ज्या संघात होते त्या सदर्न बाप्टिस्टांनीच १९७१ला ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असं म्हटलं होतं. गर्भपात कार्टरनाही आवडत नव्हता. सरकारी पैसा त्यासाठी वापरायला त्यांचा विरोध होता. इतिहासकार रँडल बामर बोट ठेवतात ते दुसऱ्याच दुखण्यावर. गोऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या खाजगी ख्रिस्ती शाळा वंशभेद पाळत असतील तर त्यांची करसवलत काढायची, असे नियम १९७८ला करखात्याने पुढे आणले. त्यावर पाळकवर्ग खवळला. पुढच्याच वर्षी पाळक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी राहिली. १९८०च्या निवडणुकीत रविवारी बायबल शिकवणारा हरला, आणि घटस्फोट घेतलेला, चर्चला क्वचितच जाणारा हॉलिवूडचा नट धर्मनिष्ठांच्या गळ्यातला ताईत झाला. मग सांगा, मतं धर्माला पडली होती का?

कार्टर तरीही वीस वर्षं सदर्न बाप्टिस्टांत राहिले. १९९८ला त्या संघाने आपल्या श्रद्धापत्रकात घातलं, की पत्नीने पतीच्या अधीन राहावं. २००० साली भर पडली, की पाळकपद फक्त पुरुषांचं. त्या ऑक्टोबरात कार्टर यांनी संघाशी नातं तोडल्याचं जाहीर पत्र लिहिलं. चिडून घरी बसणं सोपं होतं. ते मात्र प्लेन्सच्या मॅरनाथा चर्चमध्ये पाठ घेत राहिले, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत. लोक पहाटेपासून रांगा लावत. अंगझडती होई, मग पाहुणे बाकांवर बसत आणि कार्टर आधी विचारत, कुठून आलात? एकेका राज्याचं, देशाचं नाव ऐकून घेत आणि मगच बायबल उघडत. वेदीमागचा लाकडी क्रूस त्यांनी स्वतः बनवलेला. त्या चर्चचं गवत ते कापत, त्यांच्या पत्नी रोझलिनबाई स्वच्छतागृहं साफ करत. माजी राष्ट्राध्यक्षाने गवत कापावं, हे आपल्या माजी सरपंचांना सांगून पाहा!

हे भांडण त्यांनी जिंकलं, असं मी म्हणणार नाही. स्त्रियांना पाळकपद दिलं म्हणून २०२३ साली सदर्न बाप्टिस्टांनी कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक हे आपल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक चर्च संघाबाहेर काढलं. कार्टर तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते.