वाडी, बावखल आणि नवें शहर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, शाळेचा पाया कोणीं घातला, यांचें स्मरण करण्याची आपल्यांत रीत आहे, आणि ती योग्य आहे. परंतु ज्या पाण्यानें आपल्या आजोबा-पणजोबांचा स्नानसंस्कार झाला तें पाणी कोठून आलें, हा प्रश्न अशा प्रसंगीं सहसा कोणी विचारीत नाहीं. तें नळाचें नव्हतें. तें कोणाच्या तरी वाडींतील विहिरीचें होतें, आणि त्या विहिरीस तें शेजारच्या बावखलानें दिलें होतें. आज आम्ही बोलणार आहों तें त्या बावखलाविषयीं. कारण एखादें शहर आपली हिरवळ व आपल्या पाण्याच्या वाटा कशा राखतें, हा मोठा प्रश्न आमच्या वसईपुरता शेवटीं बावखलापाशींच येऊन थांबतो.

वसईची ठेवण पहा. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. तीन बाजूंनीं पाणी, आणि तेंही खारें. पावसाळ्यांत डोंगरावरून उतरणारें पाणी पश्चिमेकडे धांवतें, मधल्या सखल खाजणांत व मिठागरांत पसरतें, आणि ओहोटी लागली म्हणजे खाड्यांच्या वाटेनें समुद्रास मिळतें. या खाजणाच्या पलीकडे, किनाऱ्यास लागून, जी उंचवट्याची रेताड पट्टी आहे तिच्यावर आमच्या वाड्या वसल्या. त्या पट्टीखालीं गोडें पाणी आहे खरें. पण तें खाऱ्या पाण्यावर, दुधावरील सायीसारखें, तरंगत असतें. साय हलक्या हातानें काढावी लागते. उपसा बेताचा असेल आणि पावसाचें पाणी जमिनींत पुरेसें मुरत असेल, तोंपर्यंत विहीर गोडी राहते. उपसा वाढला आणि मुरणें थांबलें, कीं खालचें खारें पाणी वर येतें. एकदां खारी झालेली विहीर पुनः गोडी होण्यास पुष्कळ पावसाळे जावे लागतात.

आमच्या पूर्वजांनीं भूगर्भशास्त्र वाचलेलें नव्हतें. पण त्यांनीं बावखलें खोदलीं. परगांवच्या पाहुण्यांसाठीं सांगतों, बावखल म्हणजे तलाव नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीच्या सखल कोपऱ्यांत खोदलेला तो एक उघडा, पसरट खड्डा. एका बाजूस गुरें उतरतील असा उतार. जें पावसाचें पाणी वाडींतून वाहून जावयाचें, तें त्यांत थांबे, मुरे, आणि आसपासच्या विहिरींच्या झऱ्यांस जाऊन मिळे. उन्हाळ्यांत रहाट फिरे. बैल वा रेडा गोल चाले, गाडगीं भरून वर येत, आणि पन्हळांतून पाणी केळीच्या, पानवेलीच्या, चाफ्या-मोगऱ्याच्या मुळांशीं जाई. उतारावर म्हशी डुंबत, गोड्या पाण्याचे मासे मिळत, आणि पोरें पोहावयास शिकत तीं तेथेंच. तळाचा गाळ काढून वाडीस घालीत. त्यामुळें बावखल खोल राही आणि जमिनीस खत मिळे. शेतकऱ्याची ही अक्कल आम्हांस कोणत्याही यंत्रापेक्षां मोठी वाटते. आगाशीचीं सुकेळीं, ज्यांची कीर्ति दूरवर गेली, तीं ज्या राजेळी केळीचीं होतात तिलाही पाणी याच रहाटांचें.

पुढें शहर आलें. १८६४ सालीं आगगाडी आली, पण तिनें वाडीचें नुकसान केलें नाहीं. उलट आमच्या भगिनींच्या डोईवरील भाजीच्या व फुलांच्या पाट्या तिनेंच मुंबईच्या बाजारांत पोहोंचविल्या. खरा पालट गेल्या चाळीसेक वर्षांतला. मुंबईंत ज्यास घर परवडेना तो मनुष्य विरार-नालासोपाऱ्यास येऊं लागला. त्याचा यांत दोष नाहीं; त्यासही डोक्यावर छप्पर आणि तोंडांत पाण्याचा घोट हवा. १९९० सालीं या भागाच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे आला. २००९ सालीं चार नगरपालिका आणि अनेक गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. गांवें महानगरपालिकेंत असावींत कीं नसावींत, यावर पुष्कळ भांडण झालें व तें न्यायालयापर्यंत गेलें. त्यांत आज आम्ही शिरत नाहीं. गांव कोणत्याही दफ्तरांत असो, पाऊस दफ्तर पाहून पडत नाहीं.

इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्याआधीं नळ आले नाहींत. मग टँकर आले. ते भरत कोठें? आमच्याच पट्टींतील विहिरींवर. रहाटानें दिवसभरांत वाडीपुरतें पाणी निघे. त्याच विहिरीवर विजेचा पंप बसला, आणि जी साय पळीनें काढावयाची ती घागरीनें उपसली जाऊं लागली. त्या काळीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें जो लढा दिला, तो येथील वडीलधाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको. फादर २०२४ च्या जुलै महिन्यांत प्रभूच्या घरीं गेले. २०२० सालीं उस्मानाबाद येथें मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें, हें महाराष्ट्र लक्षांत ठेवील. आम्ही मात्र त्यांस झाडासाठीं व विहिरीसाठीं मोर्चांत चालणारे धर्मगुरु म्हणूनच अधिक ओळखतों.

परंतु बाहेरच्याशीं लढणें त्या मानानें सोपें असतें. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाची कथा आहे. अब्राहामाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुनः उकरल्या, आणि बापानें त्यांस जीं नांवें दिलीं होतीं तींच दिलीं. त्याच्या चाकरांनीं नवी विहीर खणली तेव्हां गरारच्या गुराख्यांनीं तंटा केला. दुसरी खणली, तिच्यावरही तंटा झाला. तिसरीवर कोणी भांडलें नाहीं, तेव्हां तिचें नांव त्यानें रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असें ठेविलें. ही कथा वाचतांना आमच्या मनास एक गोष्ट टोंचते. अब्राहामाच्या विहिरी परक्यांनीं बुजविल्या. आमचीं बावखलें पुष्कळदां आमच्याच घरच्यांनीं बुजविलीं.

हें आम्ही कोणास हिणविण्यासाठीं बोलत नाहीं. वाडीस मजूर मिळत नाहीं, केळीचा भाव पडतो, भावाभावांत वांटणी होते, आणि बावखलाचे गुंठे ज्याच्या वांट्यास येतात त्यास वाटतें, आपल्या पदरांत नुसता खड्डा पडला. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण, आईचें आजारपण हीं कोणास सुटलीं आहेत? आणि दारांत उभा असलेला दलाल तर गुंठ्याचा भाव रोज वाढवून सांगत असतो. दोन रात्रीं डंपर येतात आणि तिसऱ्या सकाळीं तेथें सपाट माती दिसते. ती जागा एकाची असते. पण तेथें मुरणारें पाणी सात घरांच्या विहिरींचें असतें. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचा मालक लिहिलेला असतो, मुरणाऱ्या पाण्याचा नसतो. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' या परिपत्रकांत पिण्याजोगें शुद्ध पाणी मिळणें हा मनुष्यमात्राचा मूलभूत हक्क असल्याचें स्पष्ट सांगितलें. मग शेजाऱ्याची विहीर आटेल हें ठाऊक असून बावखल भरणें, हें पापनिवेदनांत सांगावयाचें कीं नाहीं? निर्णय पूज्य धर्मगुरूंनीं द्यावा. आमच्या मतें सांगावयाचें.

२०१८ च्या जुलै महिन्यांत या सर्वाचा हिशेब पुढें आला. नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढलें, गाड्या थांबल्या. वसईच्या मिठागरांतील वस्तींत शेंकडों माणसें अडकलीं. पाणी जुन्याच वाटेनें आलें होतें. पसरावयाची त्याची जागा मात्र ठिकठिकाणीं भरावाखालीं गेली होती. मुंबईस हा धडा २६ जुलै २००५ रोजींच मिळाला होता. सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि भरावानें अरुंद केलेल्या मिठी नदीनें कांठची वस्ती बुडविली. आमच्या शेजारचें सोपारें घ्या. १३२१ सालीं ठाण्यास हुतात्मा झालेल्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचीं शरीरें फ्रायर जॉर्डनस यांनीं तेथेंच आणून पुरलीं. कित्येक शतकें नांवाजलेलें तें बंदर. खाडी गाळानें भरत गेली, आणि आज तेथें गलबत लागण्याची गोष्टच नको.

मुंबईकडून चांगलेंही घेण्यासारखें आहे. १८६० मध्यें विहार व १८७९ मध्यें तुळशी हे तलाव पुरे झाले; त्यांचें पाणलोट राखावें म्हणून भोंवतालचें रान राखलें गेलें, आणि तेंच पुढें १०० चौरस किलोमीटरांहून मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत आलें. पाण्याच्या निमित्तानें रान वांचलें. आमच्या तुंगारेश्वरास २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हां त्याकडे नुसता बिबट्याचा आसरा म्हणून पाहूं नये. उतारावरील झाड तुटलें कीं खालचा नाला गाळानें भरतो. मात्र त्याच मुंबईनें एक वाईट वळणही लाविलें. हिंवतापाविषयीं डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ सालीं आला, आणि डांसांच्या भयानें शहरांतील विहिरी झांकण्याचा व बुजविण्याचा सपाटा सुरू झाला. आजही बावखल भरणारा प्रथम डांसांचेंच नांव घेतो. ज्या बावखलांत मासे आहेत त्यांत डांसांच्या अळ्या फारशा टिकत नाहींत; प्लास्टिकनें तुंबलेल्या गटाराकडे आणि गच्चीवरील उघड्या टाकीकडे बोट दाखविण्यास मात्र कोणी धजत नाहीं.

महानगरपालिकेनें करावयाचें पुष्कळ आहे. नाल्यांची रुंदी राखावी, मिठागरें व खाजणें भरावापासून वांचवावीं, सांडपाणी शुद्ध केल्यावांचून खाडींत सोडूं नये, नव्या इमारतींच्या गच्चीवरील पाऊस जमिनींत मुरवावा. शहरांत झाड तोडण्यास परवानगी लागते, हा कायदा १९७५ पासून आहे. तो जागता ठेवावा. परंतु उद्यान बांधलें म्हणजे हिरवळ वाढली, ही नव्या शहरांतील समजूत आम्हांस पटत नाहीं. फरशी, कारंजें आणि चार शोभेच्या कुंड्या यांनीं जमिनींत थेंबही मुरत नाहीं. ज्या शहरांत वाडी अजून उभी आहे त्यानें वाडीच राखावी. त्याहून स्वस्त उद्यान त्यास मिळणार नाहीं. बावखल राखणाऱ्या कुटुंबास घरपट्टींत सूट मिळावी आणि गाळ काढण्याचा खर्च शहरानें उचलावा, अशी लेखी मागणी धर्मग्रामानें इतर धर्मांच्या ग्रामस्थांस बरोबर घेऊन करावी.

आमच्या हातचें जें आहे तें लहान आहे, पण याच वर्षीं होण्यासारखें आहे. पुनरुत्थानाचा सण आणि पहिला पाऊस यांमध्यें जे रविवार येतात, त्या दिवशीं एकेका आळीनें एकेका बावखलाचा गाळ काढावा. त्याआधीं बावखलें किती उरलीं हें तरी कळलें पाहिजे. त्यांचीं जुनीं नांवें आमच्या आजीबाईंस अजून ठाऊक आहेत. त्या आहेत तोंच तीं लिहून घ्यावीं. मंडपाच्या दाराशीं एक वही ठेविली आहे. ज्याच्या वाडींत बावखल आहे, किंवा होतें, त्यानें जेवणास बसण्यापूर्वीं तींत त्याचें नांव, जागा, आणि उन्हाळ्यांत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, एवढें लिहावें. बुजलेल्या बावखलांसाठींही पानें सोडलेलीं आहेत.