प्रभावना आणि अपरिग्रह



सम्यक्त्वाच्या ८ अंगांपैकी अखेरचे अंग प्रभावना. धर्माचा महिमा वाढविणे हा तिचा अर्थ. अधिवेशनांत मात्र पिशवी, फाइल, पेन व स्मृतिचिन्ह वाटणे म्हणजेच प्रभावना, असा समज रूढ झाला आहे. कापडी म्हणून दिली जाणारी नॉन-वोव्हन पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. ६० जीएसएमहून पातळ अशा पिशव्यांवर ३० सप्टेंबर २०२१ पासून देशभर बंदी आहे. दात्याचे नाव छापलेली पिशवी मंडपाबाहेर कचऱ्यात पडते, तेव्हा दानाचाही अनादर होतो. यास्तव प्रतिनिधींनी घरचीच सुती पिशवी आणावी. संयोजकांनी भेटवस्तूंचा निधी जीवदया व शिष्यवृत्तीस द्यावा. व्यासपीठावरील अपरिग्रह मंडपातही दिसावा, हीच खरी प्रभावना होय.