राखेतून उठलेले नाट्यगृह



इटलीतील व्हेनिस नगरीत १७९२ मध्ये एक संगीत-नाट्यगृह उभे राहिले. नाव 'ला फेनिचे', म्हणजे राखेतून पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी. नालाकृती प्रेक्षागार, एकावर एक सज्जांच्या रांगा आणि अंतर्भागात मुख्यत्वे लाकूड. कारण लाकूड स्वराला साथ देते. मात्र तेच अग्नीचे भक्ष्यही ठरते. १८३६ मध्ये ते जळाले आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा उभे राहिले. व्हेर्दींची 'ला त्राव्हियाता' १८५३ मध्ये प्रथम तेथेच रंगमंचावर आली. २९ जानेवारी १९९६ च्या रात्री ते पुन्हा भस्मसात झाले. नगरीने निर्धार केला : जेथे होते तेथे, जसे होते तसे! जुनी रेखाचित्रे, छायाचित्रे, इतकेच नव्हे तर १९५४ च्या 'सेन्सो' चित्रपटातील दृश्ये पडताळून कारागिरांनी तो अंतर्भाग घडविला. डिसेंबर २००३ मध्ये पडदा पुन्हा उघडला.

हे सारे दूरचे वाटते काय? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत सापडले.

वास्तू केवळ द्रव्यबळावर पुन्हा उभी राहत नाही. तिची मोजमापे, चित्रे कोणीतरी जपलेली असावी लागतात. विद्यार्थी मित्रहो, शाहपूर-बुऱ्हाणपूरच्या जुन्या वास्तू उभ्या आहेत तोवरच त्यांची मोजमापे घ्या, रेखाचित्रे काढा. स्मृतिव्याख्यानाचा अर्थही मला हाच वाटतो.