वारा साठवणारे गुरुजी

(शाळेच्या विज्ञान मंडळात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)

मुलांनो,

उसाच्या शेतात वारा शिरला, की पाने कशी सळसळतात, हे तुम्ही नेहमी ऐकता. हा वारा टाकीत भरून ठेवता येईल का? तुम्ही हसाल! पण डेन्मार्क देशातील एका शिक्षकांनी जवळजवळ तसेच करून दाखवले. त्यांचे नाव पॉल ला कूर.

डेन्मार्क हा युरोपातील एक लहान, सपाट देश. तेथे वारा भरपूर. पण त्या काळी खेड्यांत वीज नव्हती. आस्कोव्ह गावच्या शाळेत ला कूर गुरुजी खेड्यांतील तरुणांना विज्ञान शिकवीत. खेड्यांनाही विजेचा लाभ मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. १८९१ साली त्यांनी सरकारच्या मदतीने एक पवनचक्की उभारली. चक्की फिरली, की तिला जोडलेले जनित्र फिरे आणि वीज तयार होई.

पण वारा काही आपला चाकर नाही! दुपारी तो सोसाट्याने वाहील आणि रात्री दिवे लावायच्या वेळी पडेल. मग दुपारची वीज रात्रीसाठी कशी राखावी?

गुरुजींनी पाण्याची मदत घेतली. पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असते. पाण्यात योग्य पदार्थ मिसळून वीज सोडली, की एका टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजनचे. हे वायू गुरुजींनी साठवून ठेवले. १८९५ पासून १९०२ पर्यंत त्यांवर शाळेतील दिवे जळत होते. वाऱ्याने दिवे विझतात. येथे तर वाऱ्यानेच दिवे लागले!

हे काम सोपे नव्हते. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. अशा स्फोटांनी शाळेच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा फुटल्या. तरी गुरुजींनी वाऱ्याचा अभ्यास सोडला नाही. पुढे त्यांनी खेड्यांतील तरुणांना वीजकामही शिकवले.

आजही काही हौशी लोक घरी जनित्र बनवून असा वायू काढतात. त्याच वायूवर जनित्र चालवू आणि विजेचा कधी तोटा पडणार नाही, असे काहींना वाटते. पण तसे होत नाही. वीज देऊन वायू काढावा आणि वायू जाळून पुन्हा वीज करावी, तर आधीपेक्षा कमीच वीज हाती येते. बाकीची उष्णता होऊन निघून जाते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? गुरुजींच्या आडात पाणी भरणारा होता, तो वारा!

आपल्या मॉरिशसमध्येही प्लेन दे रोश येथे २०१६ साली मोठ्या पवनचक्क्या वीज देऊ लागल्या. वारा पडल्यावर काय करावे, हा प्रश्न येथेही आहेच. त्याचे उत्तर शोधायला तुमच्यासारखी मुले हवीत. मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नका. आधी नीट शिका, मग शिक्षकांसमोरच प्रयोग करा.