भूमध्य समुद्रावर पडलेल्या विमानांचा हिशेब

18 एप्रिल 1943 रोजी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, ट्युनिशियाच्या केप बॉन भूशिराजवळ दिवस मावळण्याच्या सुमारास जी हवाई लढाई झाली, तिच्यात किती वाहतूक विमाने पडली, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांतून दोन वेगळी उत्तरे मिळतात. आफ्रिकेत कोंडल्या गेलेल्या जर्मन व इटालियन सैन्याला इंधन आणि दारूगोळा पोहोचवून सिसिलीकडे परतणाऱ्या सुमारे 65 युंकर्स 52 विमानांवर, म्हणजे पन्हाळीदार पत्र्याच्या, तीन इंजिनांच्या आणि अतिशय मंदगती विमानांवर, अमेरिकन वॉरहॉक विमाने तुटून पडली, तेव्हा वर पहाऱ्याला ब्रिटिश स्पिटफायर होती. अमेरिकन वैमानिकांनी जवळजवळ 60 वाहतूक विमाने पाडल्याचा दावा केला. जर्मन नोंदींत मात्र 24 विमाने गमावल्याचे आणि 35 जायबंदी झाल्याचे आढळते.

हे दोन आकडे परस्परांना खोटे पाडतात असे मानण्याची घाई अभ्यासकाने करू नये, कारण 24 आणि 35 यांची बेरीज 59 होते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की त्याचे तीन दावे होऊ शकतात, हे खरेच. पण धूर ओकत लाटांना टेकू पाहणारे विमान ज्याने पाहिले त्याच्या लेखी ते पडलेले असते, आणि तेच विमान कसेबसे किनारा गाठते तेव्हा जर्मन कारकुनाच्या लेखी ते दुरुस्तीला गेलेले असते. जर्मन हवाई दलात हानी टक्क्यांत मोजत असत: 60 टक्के किंवा त्याहून अधिक हानी झालेले विमान बाद, त्याखालचे दुरुस्त होण्याजोगे. त्यामुळे ‘नुकसान’ या एका शब्दाखाली समुद्रतळाशी गेलेले विमान आणि धावपट्टीच्या कडेला मोडून पडलेले विमान एकत्र येतात, आणि टक्केवारीचा रकाना न पाहता केलेली बेरीज फसवी ठरते.

म्हणून संशोधनाची खरी वाट एकेका विमानावरून जाते. कारखान्यात मिळालेला अनुक्रमांक, तुकडीची खूणअक्षरे, दिवस आणि ठिकाण हे चार धागे ब्रिटिश व अमेरिकन दैनंदिन नोंदवह्यांशी जुळवावे लागतात. जर्मन हवाई दलाचे बहुतेक कागद युद्धाच्या अखेरीस नष्ट झाले असले, तरी पुरवठाप्रमुखाच्या कचेरीतील नुकसान-नोंदी 1943 अखेरपर्यंत बऱ्याच अंशी टिकल्या, हे या विषयाचे मोठेच भाग्य.

चारच दिवसांनी, 22 एप्रिलला, इंधन वाहून नेणारी मेसरश्मिट 323 ही सहा इंजिनांची अवाढव्य विमाने याच पाण्यावर पेटली. त्यांच्या संख्येवरही ग्रंथांचे एकमत नाही. या नोंदींत विमानाच्या चालकदलाची नावे येतात, प्रवाशांची मात्र अनेकदा येत नाहीत, कारण ते भूदलातील असत आणि त्यांची नोंद त्यांच्या पलटणीकडे होई. परतीच्या विमानांत बसलेल्या जखमी सैनिकांना शोधायचे, तर विमानांचे कागद मिटून पलटणींच्या बेपत्ता याद्या उघडाव्या लागतात.